लीग संपली कधी? ६ एप्रिलला की १८ जुलैला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी फोंड्याचा. एका खाणीच्या कचेरीत एकतीस वर्षं हिशेबनीस होतो, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. ३१ मार्चला खातं बंद झालंच पाहिजे हे अंगात इतकं मुरलंय की घरचा पदेर महिन्याच्या पावाचे पैसे दोन तारखेला मागायला आला तर मलाच ओशाळल्यासारखं होतं. आणि माझ्या वहीत आय-लीग या फुटबॉल लीगच्या २०२४-२५ च्या हंगामाचं पान एप्रिलपासून जुलैपर्यंत उघडं पडलेलं. म्हणून हा पत्रप्रपंच.

वहीविषयी सांगायला हवं. १९९६-९७ साली पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग (तिचीच पुढे आय-लीग झाली) झाली तेव्हा मी ही लांब हिशेबाची वही घातली. एका हंगामाला एक जोडपान. डाव्या बाजूला निकाल, उजव्या बाजूला गुणतक्ता. गुण शिसपेन्सिलीनं, कारण ते दर आठवड्याला बदलतात. विजेत्याचं नाव मात्र शेवटच्या दिवशी, शाईनं. पहिल्या पानावर फगवाड्याची जेसीटी आहे. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात पानांवर शाईनं लिहिलेली सगळी नावं आपल्या गोव्याची आहेत : धेंपो, धेंपो, चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगावकर, धेंपो, पुन्हा चर्चिल. कोलकात्याहून कुणी खाण पाहायला आलं की मी त्याला चहाबरोबर ती सात पानं दाखवायचो. मग २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या तिघांनी लीगमधून अंग काढून घेतलं. त्यानंतरची पानं मी भरली, पण नेमाला चुकू नये म्हणून भरली.

मी धेंपोचा माणूस. मडगावचे माझे मेहुणे चर्चिलचे. आमच्या घरी गणपतीच्या जेवणावळीतसुद्धा आम्हा दोघांना समोरासमोर बसवत नसत. असं असूनही २०२४-२५ च्या हंगामात मी चर्चिलच्या बाजूनं होतो, हे मेहुण्यांना या पत्रातूनच कळेल. धेंपो लीगमध्ये परतली होती, पण विजेतेपदाच्या आसपास गोव्याचा एकच संघ उरला होता. अशा वेळी घरची भांडणं घरात ठेवायची असतात.

आता ६ एप्रिलचा दिवस. रविवार, त्यात रामनवमी. दुपारी बाराला देवळात जन्म झाला, पाळणा म्हणून झाला, सुंठवडा घेऊन घरी आलो. एकाच दिवशी गोव्याचे दोन संघ दोन टोकांना. चर्चिल श्रीनगरात रिअल काश्मीरविरुद्ध लीगचा शेवटचा सामना खेळत होती आणि रात्री मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफसी गोवाची बंगळुरूशी आयएसएल या आय-लीगच्या वरच्या लीगच्या उपांत्य फेरीची परतीची लढत होती. चर्चिलच्या मागोमाग असलेली इंटर काशी त्याच वेळी राजस्थान युनायटेडशी खेळत होती. (संघ बनारसचा, घरचं मैदान बंगालमधलं कल्याणी. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.) भाच्याच्या मोबाइलवर एक सामना, माझ्यावर दुसरा. सामने संपत आले तेव्हा फातोर्ड्याला पोचायला उशीर नको म्हणून आम्ही निघालो, आणि बोरीच्या पुलावर दोन्ही मोबाइल मुके झाले. पूल ओलांडून रायच्या बाजूला लागलो तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, चर्चिल एक-एक. काशी तीन-एक जिंकली."

मी मनातल्या मनात बेरीज केली. बावीस सामने झाले, चर्चिल ४०, काशी ३९. एका गुणानं का होईना, पण पुढे. मी म्हटलं, "म्हणजे झालं की आपलं."

"नाही मामा, ती नामधारीची केस आहे ना."

फातोर्ड्याच्या बाहेर रोस ऑम्लेटच्या गाड्यावर त्या संध्याकाळी जो येत होता तो हेच विचारत होता, "कप कोणाक मेळ्ळो रे?" गाडेवाला पाव चिरता चिरता, मान वर न करता म्हणाला, "कोणाकच ना." फुटबॉल महासंघानं नंतर काढलेल्या साऱ्या पत्रकांपेक्षा त्याचं उत्तर नेमकं होतं.

जे वाचक क्रीडापान उलटून पुढे जातात त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १३ जानेवारीला नामधारी संघानं इंटर काशीला २-० हरवलं. त्या सामन्यात नामधारीनं अपात्र असलेला परदेशी खेळाडू उतरवल्याची तक्रार झाली. महासंघाच्या शिस्तपालन समितीनं ती मान्य करून काशीला ३-० असा विजय दिला. अपील समितीनं आधी त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि १८ एप्रिलला, म्हणजे लीग खेळून संपल्यावर बारा दिवसांनी, तो फिरवला. चर्चिल विजेते ठरले. काशी स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेली. जूनमध्ये लवादानं नामधारीच्या सामन्याचे तीन गुण काशीला दिले. दरम्यान काशीच्या मारिओ बार्को या स्पॅनिश खेळाडूची हंगामाच्या मध्येच पुन्हा केलेली नोंदणी नियमात बसते का, असा दुसरा वाद उभा होता. त्याचा निकालही १८ जुलैला काशीच्या बाजूनं लागला. काशी ४२, चर्चिल ४०. विजेते काशी.

माझ्या वहीतलं ते पान पाहिलंत तर पहिल्या दोन ओळींच्या जागी कागद खोडरबरानं इतका झिजलाय की मागच्या पानावरचे निकाल आरपार दिसतात. आणि एक चूक माझीही. १९ एप्रिलला सकाळी पेपर वाचून मी शाईचं पेन उचललं आणि 'चर्चिल ब्रदर्स' असं लिहून मोकळा झालो. अठ्ठावीस वर्षांत शाईनं लिहिलेलं नाव कधी खोडलं नव्हतं.

भाच्याचं म्हणणं, चर्चिलवर अन्याय झाला. मडगावचे मेहुणेही तेच म्हणतात, जरा जास्त आवाजात. मला ते पटत नाही. नियमात जो खेळाडू बसत नाही तो खेळला तर सामना जातो, ही फुटबॉलची जुनी रीत आहे आणि उद्या तसाच फायदा धेंपोला झाला असता तर मीच पहिला पेढे वाटले असते. काशीचे तीन गुण तिचे होते. माझी तक्रार निकालाबद्दल नाहीच, तारखेबद्दल आहे. जानेवारीतला सामना, जूनमध्ये त्याचा निकाल, जुलैमध्ये विजेता. मधल्या काळात एकेका संघानं कितीतरी सामने खेळले आणि त्यातल्या प्रत्येक सामन्यात प्रशिक्षकाला ठाऊक नव्हतं की आपल्याला बरोबरी पुरते की जिंकायलाच हवं. श्रीनगरात शेवटची दहा मिनिटं चर्चिलनं गोल करायला धावायचं की आहे ते राखायचं? गुणतक्ताच खरा नसेल तर हा प्रश्न कशाच्या जोरावर सोडवायचा?

आमच्या गावच्या क्लबचा मी ऐंशीच्या दशकात चिटणीस होतो. भातकापणी झाली की शेतात पोफळीच्या सोटांचे गोलखांब उभे राहायचे आणि आसपासच्या गावांची स्पर्धा व्हायची. तक्रार करायची तर सामना संपल्यापासून अर्ध्या तासात, लेखी, सोबत पंचवीस रुपये. तक्रार खरी निघाली तर पैसे परत, खोटी निघाली तर समितीचा चहा. एका वर्षी समोरच्या गावानं एक तारवटी खेळवला. बोटीवरून चार दिवसांपूर्वी सुट्टीवर आलेला, नाव यादीत नाही, आणि त्यानं दोन गोल मारले. मी तिथेच बांधावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून अर्ज लिहिला. समिती शाळेच्या व्हरांड्यात पेट्रोमॅक्स लावून बसली. तारवट्याला बोलावलं, त्यानं भल्या माणसासारखं कबूल केलं. दहा वाजता निकाल लागला : पुढच्या रविवारी सकाळी सामना पुन्हा, तारवट्याशिवाय. माझे पंचवीस रुपये परत आले. रविवारी आम्ही तीन गोलनी हरलो, ती गोष्ट वेगळी. त्या समितीत एक मास्तर, एक पोस्टमन आणि एक काजूचा व्यापारी होता. वकील एकही नव्हता.

देशाची लीग म्हणजे गावची स्पर्धा नव्हे, हे मला कळतं. अपिलाची पायरी हवी, त्यावरही दाद मागायची सोय हवी. पण मग पायऱ्यांना मुदत हवी. एखाद्या सामन्याचा वाद त्या संघाच्या पुढच्या दोन-तीन सामन्यांच्या आत मिटवता येत नसेल तर निदान शेवटची फेरी सुरू होण्यापूर्वी तो मिटलाच पाहिजे, नाहीतर शेवटची फेरी पुढे ढकला. आठवडा उशीर चालेल. ३१ मे २०१५ ची रात्र आठवा. बंगळुरूत पाऊस, मोहन बागानला बरोबरी पुरेशी, बंगळुरू एक गोलनं पुढे, आणि शेवटच्या काही मिनिटांत बेलो रझाकनं हेडर मारून लीग कोलकात्याला नेली. मी ना बागानचा ना बंगळुरूचा, तरी झोपण्यापूर्वी शाईनं नाव लिहिलं आणि समाधानानं दिवा मालवला.

सगळ्यात खुपलं ते चषकाचं. प्रकरण लवादाकडे गेलेलं असताना एप्रिलमध्येच चर्चिलला चषक देऊन टाकला, पदकं गळ्यात घातली, आणि नंतर ते सारं परत करा म्हणून सांगितलं. आमच्या कचेरीत धनादेशावर दुसरी सही नसेल तर कुणाचा बाप आला तरी पैसे सुटत नसत. इथे दुसरी सही लोझानच्या त्या लवादाकडून यायची होती, तिची वाट पाहायला काय झालं होतं? त्या पदकाचा फोटो एखाद्या पोरानं घरी आईच्या देव्हाऱ्याशेजारी लावला असेल. तो आता कुणी काढायचा?

एफसी गोवाच्या त्या रात्रीचंही सांगून टाकतो, नाहीतर अर्धाच दिवस सांगितला असं होईल. पहिली लढत बंगळुरूत ०-२ गमावलेली. उत्तरार्ध सुरू होताच बोर्हा हेरेरानं एक गोल मारला. मग वाट पाहणं. ८८ व्या मिनिटाला सादिकूनं दुसरा मारला तेव्हा शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की चष्मा पुढच्या रांगेत. हिशेब बरोबरीत आला. चष्मा शोधत वाकलो होतो, वर पाहिलं तर फातोर्डा गप्प झालेला. इतकं गप्प की दुसऱ्या टोकाला बंगळुरूच्या मूठभर लोकांचा आरडाओरडा स्पष्ट ऐकू येत होता. चाळिशी गाठलेल्या सुनील छेत्रीनं भरपाई वेळेत डोक्यानं चेंडू आत ढकलला होता. तो गोल मी पाहिलाच नाही. एकूण ३-२, बंगळुरू अंतिम फेरीत. परतताना भाचा आणि मी बोरीपर्यंत एक शब्द बोललो नाही. घरी आल्यावर मात्र मी वही काढली, आयएसएलच्या पानावर निकाल लिहिला, खाली रेघ मारली आणि झोपलो. वाईट वाटलं, पण झोप लागली. चर्चिलच्या पानानं ती पुढे कितीतरी रात्री लागू दिली नाही, आणि मी चर्चिलचा नव्हेच.

त्यातच आयएसएलचा पुढचा हंगामच ११ जुलै २०२५ पासून लटकला, कारण महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार त्या डिसेंबरात संपत होता आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. आय-लीग जिंकणाऱ्याला तेव्हा आयएसएलमध्ये बढती मिळत होती, त्यासाठीच काशी एवढी लढली. एवढं भांडून तिकीट मिळवावं आणि फलाटावर यावं तर गाडीच रद्द, अशी तेव्हा तिची गत झाली. मेहुण्यांना मी हे फोनवर सांगितलं. ते हसले. एप्रिलनंतर प्रथमच.

संपादक महाराज, एक विनंती. लीगचा अंतिम गुणतक्ता आपल्या क्रीडापानावर एकदा पूर्ण, बाराही संघांसह, चांदणी किंवा तळटीप न लावता छापा. एप्रिलमध्ये छापला होता त्याला चांदणी होती. माझ्या पानावरचा कागद आता शाई धरत नाही, पेन टेकवलं की फुटते. आपला तक्ता कापून मी खळीनं त्यावर चिकटवीन.

आपला,
एक जुना वाचक, फोंडा