मालक, त्या कच्च्या वहीबद्दल

मालक, नमस्कार. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही म्हणून. पण शहराच्या पूर्व भागात टॉवेल-चादरीचं दुकान, घरच्यांशी फोनवर तेलुगू अन् आमच्याशी मराठी, उधारी मागताना स्वतःच लाजणारा माणूस, एवढ्यावर चार जण ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

परवा तुमचे १४९ रुपये आले. तेरावा हप्ता. म्हणजे वर्ष होऊन गेलं की! दुकानात येऊन आभार मानावं म्हटलं तर तुम्ही चहा सांगता अन् विषय बदलता, म्हणून इथंच लिहून टाकतो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी एक छोटं क्रोम एक्स्टेन्शन बनवलंय, म्हणजे क्रोम ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. ऑनलाइन माल विकणाऱ्याला ऑर्डरचं लेबल बिलासकट ए-फोर पानावर येतं, मग कात्री घेऊन बसा कापत. माझं एक्स्टेन्शन त्यातलं लेबल तेवढं उचलून थर्मल प्रिंटरला पाठवतं आणि छापून झालेल्या ऑर्डरवर टिक मारतं. बस, एवढंच काम, त्याचे महिन्याला १४९.

हे खूळ डोक्यात घातलं एका कोर्सवाल्यानं. बारा हजार घेतले पठ्ठ्यानं, "एकदा बनवा, झोपेत कमवा" म्हणत. त्याच्या व्हिडिओत गुगलच्या स्टोअरमधूनच गिऱ्हाइकाकडून पैसे कसे घ्यायचे ते शिकवलं होतं, आणि ती सोय गुगलनं २०२१ च्या फेब्रुवारीतच बंद केलेली! डेव्हलपर खातं काढायला ५ डॉलर एकदाच भरावे लागतात, एवढी एकच गोष्ट त्यानं खरी सांगितली. आणि झोपेत कसलं कमवता, यूपीआय ऑटोपेमध्ये पैसे कटायच्या २४ तास आधी गिऱ्हाइकाला मेसेज जातो, म्हणजे ह्या पोराला ठेवायचं का काढायचं ते लोक दर महिन्याला नव्यानं ठरवतात. त्या रात्री मला तरी झोप लागत नाही.

तुम्ही घेतलं आणि दुसऱ्याच महिन्यात ती भानगड झाली. मारलेल्या टिका आपोआप पुसल्या जायच्या, मग तीच ऑर्डर परत छापली जायची, एकाच पत्त्यावर दोन पार्सलं. सगळ्यांकडं नाही, सारखं नाही, कधीतरीच. माझ्या लॅपटॉपवर तर एकदाही नाही, मी रात्र रात्र बसून बघितलं. कोर्सच्या ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, "भावा तुझ्याकडं चालतंय ना, मग युजरचा प्रॉब्लेम." पुण्यातला एक मित्र वीकेंडला बघतो म्हणाला, कुठल्या वीकेंडला ते अजून कळलेलं नाही. एक स्टार देणारे तर रांगेनं उभे होते, "फालतू आहे", "चालत नाही", "पैसे परत". अकरा जणांनी ऑटोपे बंद केलं.

तुमचे पैसे परत द्यायला म्हणून मी दुकानात आलो होतो, आठवतंय? तुम्ही पैशाचं ऐकूनच घेतलं नाही. गल्ल्याखालची कच्ची वही काढली, उलटी केली आणि शेवटचं पान माझ्यापुढं धरलं. चार दिवसांचं लिहिलेलं होतं, निळ्या पेननं, तिरक्या अक्षरात, कितीला छापलं, मग काय केलं अन् टिक गेली का राहिली. त्यातलं थोडं:

११.१० चहा – गेलं
११.२५ लगेच दुसरं – राहिलं
११.४० घरून फोन – गेलं
१२.०५ गिऱ्हाईक, भाव – गेलं
१२.३० लगेच दुसरं – राहिलं

वर म्हणालात, "मी चहाला गेलो की विसरतंय बघ हे, माणसासारखं."

मालक, तिथंच माझ्या डोक्यात लाइट लागली. क्रोमच्या नव्या पद्धतीत एक्स्टेन्शनचा मागं चालणारा भाग ३० सेकंद रिकामा बसला की ब्राउझर त्याला बंद करून टाकतं, आणि मी येड्यासारख्या सगळ्या टिका त्याच्याच मेमरीत ठेवल्या होत्या. तो झोपला की टिका गायब. आणि माझ्याकडं का होत नव्हतं? कारण मी तपासायला म्हणून डेव्हलपर टूल्सची खिडकी कायम उघडी ठेवायचो, अन् ती उघडी असली की तो भाग झोपतच नाही! म्हणजे मी आणखी सहा महिने बघत बसलो असतो तरी मला घंटा काही दिसलं नसतं. त्या संध्याकाळी टिका क्रोमच्या स्टोरेजमध्ये, म्हणजे तो भाग झोपला तरी टिकणाऱ्या जागेत टाकल्या, वीसेक ओळींचं काम निघालं.

हे लिहून कशाला ठेवलं म्हणून विचारलं तर तुम्ही सहज म्हणालात, वडिलांच्या मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, यायचा, त्याला नुसतं बिघडलंय म्हणून चालायचं नाही, धागा कुठं तुटतो अन् कधी तुटतो ते सांगावं लागायचं. मी इतकी वर्षं कॉम्प्युटरवर काढली, मला हे कुणी शिकवलं नव्हतं. शिव्या द्यायला सगळ्यांकडं टाइम असतो हो, पण समोरच्याचं काम सोपं व्हावं म्हणून गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना घड्याळ बघून दोन शब्द लिहिणारा माणूस मला तरी दुसरा भेटला नाही. असली माणसं स्वतःहून बोलत पण नाहीत. डबल गेलेल्या पार्सलात तुमच्या दोन चादरी गेल्या हे मला तुमच्या दुकानातल्या पोराकडून कळलं, तेही दिवाळीत.

आणि ते पहिल्या दिवशीचं. इन्स्टॉल करताना सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचणार असं क्रोमनं दाखवलं तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "माझं बँकेचं पण वाचणार का?" मी हसण्यावारी नेलं होतं, पण घरी जाऊन लाज वाटली. खरंतर एकाच साइटची परवानगी पुरत होती, मीच आळसानं सगळ्या मागितल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी काढल्या.

आज ६१ जण आहेत. गेलेल्या अकरातले चार परत आले, बाकीच्यांना राम राम.

त्या दिवशी ते पान मागितलं तर तुम्ही फाडून दिलं नाही, पाठीमागं उधारी लिहिली आहे म्हणालात. मग फोटो काढला, तो टेबलासमोर चिकटवलाय. उधारीवाली बाजू बघितली नाही, शप्पथ. पण पान जाड नव्हतं मालक, मागची अक्षरं जरा उमटली आहेत, आणि बरीच जुनी उधारी दिसते. मागा की एकदा.