देवदूतांच्या पुस्तकाचा हिशेब मांडून दिल्याबद्दल

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या भूमिकांच्या खेळाचं 'बुक ऑफ एक्झाल्टेड डीड्स' हे पुरवणी पुस्तक घ्यावं की नाही, एवढाच आमचा प्रश्न होता. तुम्ही हो किंवा नाही म्हणून मोकळे झाला नाहीत. पुस्तकात काय आहे, त्यातलं फुकट काय मिळतं आणि टेबलावर काय अडतं, हे सगळं मांडून दिलंत. हे आभार उघड्या पत्रात लिहितोय, कारण डी अँड डी खेळणाऱ्या बऱ्याच गटांत हाच प्रश्न येतो आणि बहुतेकदा मुखपृष्ठ बघूनच सुटतो.

तुमचा पहिलाच मुद्दा सगळ्यात उपयोगी ठरला. देवदूत हवे असतील, तर पैसे खर्च करायची गरजच नाही. खेळाच्या 3.5 आवृत्तीच्या मोफत एसआरडीमध्ये (मूळ नियमांच्या खुल्या संचात) ॲस्ट्रल देवा, प्लॅनेटार आणि सोलार हे तिन्ही देवदूत पूर्ण आकड्यांसह आहेत. त्यांचं चॅलेंज रेटिंग (लढायला किती अवघड, याचा आकडा) अनुक्रमे 14, 16 आणि 23. शिवाय आर्कॉन, एलाड्रिन आणि गार्डिनल या इतर स्वर्गीय जीवांपैकी काही आहेत, एखाद्या जीवाला अर्धा स्वर्गीय करणारं हाफ-सेलेस्टियल टेम्प्लेट (जीवावर चढवायचा नियमसंच) आहे. आणि देवदूत टेबलावर येतो तो बहुधा मदतीला, लढायला नव्हे. म्हणून त्याच्या हल्ल्यापेक्षा त्याला बोलावण्याचा दर जास्त कामाचा, हे तुमचं म्हणणं पटलं. तो दरही फुकटच आहे. क्लेरिकचा, म्हणजे पुजारी पात्राचा, सहाव्या पातळीचा 'प्लॅनर अलाय' मंत्र 12 हिट डाइसपर्यंतचा (हे जीवाची ताकद मोजायचं माप) जीव आणतो, म्हणजे ॲस्ट्रल देवा बरोबर बसतो. काम मंत्र टाकणाऱ्याच्या लेव्हलमागे (पात्राच्या प्रगतीच्या पायरीमागे) एक मिनिटात आटपणारं असेल, तर हिट डाइसमागे 100 सुवर्णनाणी, म्हणजे 1,200. लेव्हलमागे तासाचं असेल तर 6,000, दिवसाचं असेल तर 12,000. त्यावर 250 एक्सपी (अनुभवाचे गुण) वेगळे. काम धोक्याचं नसेल तर निम्मा दर, आणि काम त्याच्या तत्त्वाशी अगदी जुळत असेल तर डीएम (खेळ चालवणारा) तो माफही करू शकतो. आठव्या पातळीच्या 'ग्रेटर प्लॅनर अलाय'ची मर्यादा 18 हिट डाइसची आहे आणि सोलार 22 चा. त्याच्यासाठी 'गेट' हा मंत्रच लागतो. आत्मघातकी कामाला देवदूत हो म्हणत नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे, पण खेळाडू नेमकं तेच वाचत नाहीत.

मग 192 पानांत पैसे कशाचे? तुम्ही म्हणालात, व्रतांचे. 2003 सालचं, 3.5 आवृत्तीचं हे पुस्तक वरवर देवदूतांचं आहे. आत प्रश्न आहे तो चांगलं वागणाऱ्या पात्राला काय सोडावं लागतं, हा. त्यातलं 'व्हाउ ऑफ पॉव्हर्टी' (दारिद्र्याचं व्रत) तुम्ही उलगडून दाखवलंत तेव्हा कुठे त्याची खोच कळली. आधी 'सेक्रेड व्हाउ' हे फीट (पात्रासाठी निवडायची खास क्षमता) लागतं, म्हणजे पहिल्याच लेव्हलला दोन्ही घेणं माणसाच्या वंशाला सोपं जातं, कारण त्याला एक फीट जादा मिळतं. जवळ ठेवायचं ते साधं शस्त्र, अंगावरचे कपडे, झोळीत एका दिवसाचं अन्न आणि मंत्रसामग्रीची पिशवी. स्पेलबुक, म्हणजे मंत्रांची वही, या यादीत नाही, त्यामुळे त्या वहीवरच चालणाऱ्या विझार्डने या वाटेला जाऊ नये. मंक (हातापायांनी लढणारा साधू) आणि ड्रुइड (निसर्गाचा पुजारी) यांना ते शोभतं. मित्राने पाजलेलं औषधी पोशन चालतं, त्याचा जादुई झगा उसना घेतलेला चालत नाही. बदल्यात पहिल्या लेव्हललाच एसीला (हल्ला लागायला गाठावा लागणाऱ्या बचावाच्या आकड्याला) +4 आणि एक जादा एक्झाल्टेड फीट मिळतं, आणि पुढे यादी वाढत जाते. व्रत जाणूनबुजून मोडलं, तर ते कायमचं गेलं आणि त्या जागी दुसरं फीटही मिळत नाही.

गडबड होते ती लुटीच्या वाटणीत. चौघांत 12,000 नाणी आली तर प्रत्येकी 3,000. व्रतस्थाने आपला वाटा घेऊन दान करायचा असतो. पण गट आळस करतो, तिघांत वाटून टाकतो, आणि बाकीचे 4,000 घेऊन जातात. दहा लेव्हलला नियमानुसार एका पात्राकडे 49,000 नाण्यांचा माल असायला हवा. डीएमने हात आखडता घेतला, तर व्रतस्थ सगळ्यांवर भारी पडतो. सैल सोडला, तर तोच मागे राहतो. व्रत चांगलं की वाईट हे पुस्तकावर नाही, डीएमच्या खजिन्यावर ठरतं, हे वाक्य आम्ही वहीत लिहून ठेवलंय.

आवृत्तीबद्दल तुम्ही कडक बोललात ते बरंच झालं. पाचवी आवृत्ती खेळणाऱ्याने हे आकडे उचलू नयेत. 3.5 मधल्या सोलारचा एसी 35, पाचवीत 21. पाचवीतला वीस लेव्हलचा तलवारवाला फायटर, ताकद 20 आणि +3 तलवार, हल्ल्याला +14 पर्यंत जातो. 35 गाठायला त्याला वीस बाजूंच्या फाशावर 21 हवेत, म्हणजे निव्वळ वीस पडण्याची वाट बघत बसायचं. वाचायला घ्या, कल्पना घ्या, आकडे नकोत. तसंच याचं काळं जोडपुस्तक 'बुक ऑफ व्हाइल डार्कनेस' 2002 चं, म्हणजे 3.0 चं, दोन्ही शेजारी ठेवली की डॅमेज रिडक्शनची (घाव कमी लागण्याच्या नियमाची) पद्धत जुळत नाही.

एका ठिकाणी मात्र आमचं तुमच्याशी पटलं नाही. विष वापरणं वाईट, असं हे पुस्तक ठणकावून सांगतं आणि मग फक्त दुष्टांवर चालणारी 'रॅव्हेजेस' नावाची विषंच हातात ठेवतं. तुम्ही म्हणालात, दुर्लक्ष करा. आम्हाला वाटतं, तेवढा भाग टेबलावर सरळ बंद करावा, नाहीतर धर्मनिष्ठ योद्धा 'पॅलाडिन' आणि चोरटं पात्र 'रोग' (rogue) यांच्यातला वाद दर सत्रात उकरला जातो. पात्राला संत करणारं 'सेंट' टेम्प्लेटही (लेव्हल ॲडजस्टमेंट +2, म्हणजे पात्र दोन लेव्हल वरचं धरायचं) डीएमला विचारल्याशिवाय नको.

तर घेतोय. एकच प्रत, डीएमकडे राहील. आणि तुम्ही सुचवल्याप्रमाणे लुटीच्या वहीत चौथा रकाना आखलाय: व्रतस्थाचा वाटा कोणत्या गावात, कोणाला दिला.

आपले,
बुधवारच्या टेबलावरचे आम्ही सगळे