दोर उंच हवा, आणि करवतीच्या आधी हवा

संपादक महोदय,

धोकादायक झाड पाडताना दोर बांधला म्हणजे काळजी मिटली, असे पुष्कळांना वाटते. पण तो कुठे बांधला आणि केव्हा ओढला, यावरच सगळे अवलंबून असते.

हात पोहोचेल तिथे, दोनेक मीटरवर, दोर आवळण्याची सवय सर्वांत घातक. शंभर किलोची तीच ओढ दहा मीटरवर लावली तर बुंध्याशी तिचा जोर पाचपट होतो. मात्र अगदी शेंड्याजवळही जाऊ नये. तिथे खोड बारीक असते आणि ते वाकते किंवा मोडते. झाडाच्या उंचीच्या साधारण दोन तृतीयांशावर, मुख्य खोडाला लागून असलेला जिवंत, भक्कम बेचका निवडावा.

त्यासाठी झाडावर चढावे लागत नाही. दोन मिलिमीटरच्या गुळगुळीत दोरीला तीनशे-चारशे ग्रॅमची वाळूची घट्ट पिशवी बांधून ती झोका देत बेचक्यावरून फेकतात. दगड बांधू नये, तो गाठीतून निसटतो. दोरी बादलीत सैल सोडून ठेवली की अडकत नाही. पिशवी चुकीच्या फांदीवरून खाली आली तर आधी ती सोडावी आणि मगच मोकळी दोरी परत ओढावी. पिशवीसकट ओढली की ती नेमकी फांदीच्या सांध्यात रुतते. डोक्यावर हेल्मेट हवेच, कारण वाळकी काटकी याच वेळी पडते.

मग या दोरीने बारा ते सोळा मिलिमीटरचा मुख्य दोर वर न्यावा. त्याच्या टोकाला न आवळणारे कडे बांधून दोराचा उरलेला भाग त्यातून ओवला की सरकफास होतो. तो ओढत बेचक्यापर्यंत चढवावा. मधे एखादी लहान फांदी फासात आली तर फास वर पोहोचतच नाही, म्हणून दोराच्या दोन्ही बाजू खालून नीट न्याहाळाव्यात. फास न करता दोराचे टोक बुंध्यालाच बांधण्याचीही पद्धत आहे. ती सोपी आहे, पण बेचक्यावर ओढीच्या दीडपटीहून जास्त भार येतो आणि खोडालगत उतरलेला दोर करवतीच्या वाटेत येऊ शकतो. दोर पॉलिएस्टरचा बरा. नायलॉन रबरासारखा ताणला जातो आणि तुटला तर उसळून येतो.

दोर दहा मीटरवर असेल आणि दहा मीटर लांबून ओढला तर ओढीचा सुमारे सत्तर टक्के भागच झाडाला आडवा खेचतो; वीस मीटरवरून तोच नव्वदच्या आसपास जातो. ओढणारे झाडाच्या दुप्पट उंचीइतके दूर असावेत. जागा नसेल तर पडण्याच्या टप्प्याबाहेर भक्कम आधाराला कप्पी बांधून दोर वळवावा आणि माणसे बाजूला उभी करावीत. दोर हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. करवत लागण्यापूर्वी दोराची फक्त ढिलाई काढायची. पडण्याच्या बाजूला व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी खाच घ्यायची, मागून कापत यायचे आणि मधे व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी लाकडाची पट्टी राखायची. हीच पट्टी बिजागरीसारखी झाड वळवते. ती तयार झाल्यावर, कापणारा बाजूला होऊन खूण करील तेव्हा, सलग आणि सावकाश ओढायचे. त्याआधीच जोर लावला तर खोड उभे चिरते आणि मागची फाळ कापणाऱ्याच्या अंगावर उसळते. गाडीला दोर बांधून हिसका देणे याच कारणाने जिवावर बेतते.

बाजूला कललेल्या झाडाला समोरचा एकटा दोर सावरत नाही. कलाच्या विरुद्ध अंगाला दुसरा लागतो. पोकळ किंवा वाळलेल्या झाडाला तर ओढच देऊ नये, शेंडा मोडून खाली येतो. आणि जवळून वीजवाहक तार जात असेल, तर वीजपुरवठा अधिकृतपणे बंद झाल्याशिवाय ती बारीक दोरीसुद्धा फेकू नये.

— झाडे उतरवण्याच्या कामातील एक वाचक