पाकीट फोडू का?

सोसायटीच्या ऑफिसातल्या काकांना,

स. न. वि. वि.

या महिनाअखेरीला तुम्ही काम सोडताय, हे ग्रुपवर आलं आणि दुबईपासून टोरांटोपर्यंत पांगलेले आम्ही बंद फ्लॅटवाले जरा वेळ गप्पच झालो. मग एकेकाने तुमचे जुने व्हॉइस मेसेज पुढे पाठवायला सुरुवात केली. त्यांत सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलेलं वाक्य तीन शब्दांचं होतं, "पाकीट फोडू का?"

बाहेरच्या माणसाला यात काय विशेष ते कळणार नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

पुण्यातला फ्लॅट बंद करून माणूस परदेशी जातो तेव्हा टपालपेटी इथेच राहते. तिच्यात मिळकतकराचं बिल पडतं, वीज कंपनीचं सुरक्षा ठेवीचं मागणीपत्र पडतं, बँकेचं केवायसीचं पत्र पडतं. तुम्ही ते पाकीट काढायचात, ऑफिसच्या टेबलावर ठेवून पुढून आणि मागून असे दोन फोटो काढायचात, कोपऱ्यात पेन्सिलीने फ्लॅट नंबर आणि आल्याची तारीख लिहायचात आणि मग हा प्रश्न. उत्तर येईपर्यंत पाकीट बंद. आमच्याकडे रात्र असली तर दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. एकदा मागणीची मुदत दोन दिवसांवर आलेली असतानाही तुम्ही विचारल्याशिवाय फोडलं नाहीत, उलट तीनदा फोन केलात. या सोसायटीत याआधी दुसऱ्यांची पाकिटं सहज फोडली जायची आणि "अमक्याचं एवढं थकलंय" हे लिफ्टमध्ये सगळ्यांना कळायचं. ज्यांनी ती फोडली त्यांना हे पत्रही बहुधा मिळेलच.

तुम्हाला कायदा, दर, फॉर्म सगळं पाठ होतं, पण त्याचा तोरा कधी नव्हता. जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला तुम्ही जे सांगायचात ते इथे लिहून ठेवतो. चुकलं असेल तर नेहमीप्रमाणे लाल पेनाने दुरुस्त करा.

तुमचा पहिला प्रश्न असायचा, "कराचं बिल कोणाच्या नावावर येतं?" निम्म्या लोकांचं बिल्डरच्या नावावर. घर घेतलं, इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा हातात आला, सोसायटीत शेअर सर्टिफिकेट झालं, की माणसाला वाटतं सगळीकडे नाव लागलं. महापालिकेच्या कर खात्यात नाव वेगळा अर्ज केल्याशिवाय सहसा लागत नाही. भरायला त्याने काही अडत नाही, पेठ आणि खाते क्रमांक माहीत असला की कोणीही कोणाचाही कर भरू शकतो. अडतं ते पुढे. नोटीस बिल्डरच्या जुन्या पत्त्यावर जाते, सवलतीचा अर्ज करायचा तर नाव जुळत नाही, आणि विकायच्या वेळी थकबाकी नसल्याचा दाखला दुसऱ्याच माणसाच्या नावाने निघतो. हे काम जाण्याआधी, मूळ कागद हाताशी असताना करायचं. नंतर तेच कागद बँकेच्या लॉकरमध्ये असतात आणि लॉकरची किल्ली सातासमुद्रापार.

दुसरी गोष्ट तारखेची. पुण्यात वर्षाचं बिल एप्रिलपासून मिळतं आणि साधारण ३१ मेपर्यंत संपूर्ण भरलं तर सामान्य करात ५ किंवा १० टक्के सूट मिळते. "मुदत वाढते म्हणून थांबू नका, वाढली तर वाढली," हे तुमचं ठरलेलं. सूट हुकली तर थोडके पैसे जातात. थकलं तर मात्र महिन्याला २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४. एवढं व्याज कुठलीही मुदत ठेव देत नाही.

तिसरी गोष्ट ४० टक्के सवलतीची, आणि इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. मालक स्वतः राहत असेल तर करपात्र रकमेत ४० टक्के सवलत आहे. मध्यंतरी गेलेली ही सवलत २०२३ मध्ये परत आली, पण ज्यांची निघाली होती त्यांना पीटी-३ हा महापालिकेचा सवलतीचा अर्ज भरून द्यावा लागला. त्याला सोसायटीचं पत्र जोडायचं, ओळखीचा पुरावा जोडायचा. अर्ज न दिलेल्यांना वाटत राहिलं की "सवलत आली म्हणे." बिलावरची रक्कम वाचली असती तर कळलं असतं. आणि फ्लॅट भाड्याने दिला की ही सवलत जाते. भाडेकरार नोंदवलेला असतो, तो लपत नाही. भाडं ठरवताना हा वाढीव कर धरायचा, नाहीतर पहिल्या एप्रिलला तोंडचं पाणी पळतं.

भाड्यावरून आठवलं. मालक अनिवासी झाला की भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने ३० टक्के आणि वर सेस कापून सरकारजमा करायचा असतो. महिना ५० हजारांची मर्यादा निवासी मालकांसाठी आहे. त्यासाठी भाडेकरूला टॅन, म्हणजे कर कापून भरणाऱ्याचा क्रमांक, घ्यावा लागतो आणि बरेच भाडेकरू तेवढ्यावरच पळतात. तुम्ही हे करार करायच्या आधी सांगायचात. दलालांनी ते कधीच सांगितलं नाही, त्यांचं कमिशन करारावर असतं. मालक स्वतः राहत नसला, घर दुसऱ्याला दिलं, की सोसायटी लावते ते बिनभोगवटा शुल्कही असंच. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही आणि महापालिकेचा कर त्या हिशोबात धरायचा नाही. घरात विवाहित मुलगी किंवा नातवंडं राहत असतील तर ते लागतच नाही. कमिटीने एकदा जास्त लावलं होतं. तुम्ही पगार त्यांच्याकडून घेत होतात, तरी आदेशाची झेरॉक्स नोटीस बोर्डावर तुम्हीच लावलीत.

आता विजेचं. जाणारा प्रत्येक माणूस विचारतो, मीटर बंद करून टाकू का. तुमचं उत्तर नाही. वापर शून्य असला तरी स्थिर आकार येणार, तो भरत राहायचा. काही महिन्यांचे पैसे आगाऊ भरून ठेवले की बिलावर वजा रक्कम दिसते आणि दर महिन्याला त्यातून वळती होते. कनेक्शन कायमचं तोडून परत घेण्याची यातायात त्यापेक्षा महाग पडते.

खरी खोड सुरक्षा ठेवीची आहे. महावितरणची अतिरिक्त ठेवीची मागणी वर्षातून एकदा वेगळ्या बिलाने येते आणि ती मागच्या वर्षाच्या सरासरी वापरावर काढलेली असते. म्हणजे तुम्ही मार्चमध्ये घर बंद करून गेलात, तरी मागणी गेल्या उन्हाळ्यातल्या एसीच्या हिशोबाने. ऑटो-पे नेहमीचं मासिक बिल भरतो, हे वेगळं बिल तसंच पडून राहतं. वर्षभर नियमित बिल भरणाऱ्या माणसाला नोटीस का आली, याचं उत्तर बहुतेक वेळा हे असतं. बरं, ही ठेव आपलीच असते, तिच्यावर दरवर्षी व्याजही जमा होतं.

आणि तुमची मीटररूमची ती फेरी. सामान पॅक झालं, टॅक्सी यायला दोन तास आहेत, आणि तुम्ही म्हणायचात, "चला खाली." वर एकजण मेन स्विचपाशी उभा करायचात आणि खाली मीटरसमोर आपण. फोनवरून वरच्याला सांगायचं, बंद कर. मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबला पाहिजे. थांबला नाही, तर त्या मीटरवर दुसऱ्या कोणाचा तरी भार आहे, किंवा दोन फ्लॅटच्या वायरी अदलाबदल झाल्यात. बांधकामाच्या वेळी झालेली ही चूक वर्षानुवर्षं कळत नाही, कारण दोन्ही घरं चालू असतात आणि बिलं उन्नीस-बीस. एक घर बंद झालं की बंद घराला बिल येतं आणि राहतं घर शून्यावर. दिवा थांबला की रीडिंगचा फोटो, तारखेसह. मग दर महिन्याच्या एक तारखेला तुमच्याकडून त्याच मीटरचा फोटो. आकडा तोच असला की आम्ही निवांत. फ्रिज चालू ठेवून गेलेल्यांना तुम्ही काय म्हणायचात ते इथे लिहीत नाही.

गॅसचं थोडक्यात. सिलिंडर असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, घ्यायचं, कनेक्शन घेतानाच्या मूळ व्हाउचरवर लिहिलेली अनामत परत मिळते. परत आल्यावर नवं कनेक्शन त्याच कागदावर मिळतं, म्हणून तो फाईलला लावायचा. पाइपचा गॅस असेल तर मीटरच्या आधीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि तात्पुरतं बंद करण्याचा अर्ज द्यायचा. इंटरनेटचं राउटर परत करताना पावती घ्यायची. पावती नसेल तर वर्षभराने वसुलीवाले फोन करतात.

बँक आणि मोबाइल या दोन गोष्टींनी मात्र सगळ्यात शहाण्या माणसांना गोत्यात आणलंय. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करावं लागतं. काही बँका तेव्हा नवा खाते क्रमांक देतात आणि जुन्या खात्यावरच्या ऑटो-डेबिटच्या सगळ्या परवानग्या तिथेच संपतात. हे बँकेच्या गोड बोलणाऱ्या रिलेशनशिप मॅनेजरने सांगायला हवं होतं. त्याने विमा विकला. पुढचा टप्पा असा: कार्डाच्या ऑटो-पेला १५ हजारांच्या वरच्या बिलासाठी दर वेळी सहसा ओटीपी लागतो. वर्षाचा मिळकतकर सहज त्याच्या वर जातो. ओटीपी इथल्या सिमवर येतो. ते सिम रोमिंग सुरू न करता ड्रॉवरमध्ये टाकलेलं असतं आणि ९० दिवस वापर नसला की नंबर बंद होऊ शकतो, पुढे दुसऱ्याला दिला जातो. मग करात सूट मिळण्याचा शेवटचा दिवस, हातात पैसे, आणि भरता येत नाहीत. म्हणून रोमिंग विमानतळावर जायच्या आधी सुरू करायचं, प्रीपेड असेल तर किमान २० रुपये शिल्लक ठेवायची, आणि बिलांवर दुसरा नंबर नात्यातल्या माणसाचा द्यायचा.

तुमचा नंबर द्यायला लोक तयार होते. तुम्ही देऊ दिला नाहीत. "ओटीपी मला नको, पासवर्ड नको, कोऱ्या चेकवर सही तर नकोच नको. भरायला खाते क्रमांक पुरतो." मुखत्यारपत्राबाबतही तेच. नुसती बिलं भरायला ते लागत नाही. नाव बदलणं, भाडेकरार, विक्री यांना लागतं, आणि तेही त्या कामापुरतं मर्यादित. शक्यतो इथेच नोंदवून जायचं. परदेशात केलं तर वकिलातीत साक्षांकित करायचं आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा. तिसरा महिना उलटला की त्या कागदाचा उपयोग होणं अवघड.

मधल्या काळात आमच्यातल्या काहींनी एका घर सांभाळणाऱ्या एजन्सीला वर्षाचे पैसे मोजले होते. दर महिन्याला सोफ्याचे सुंदर फोटो यायचे, उजेड चांगला, कुंडी मध्यभागी. मेमध्ये कर भरायचा राहिला. विचारलं तर म्हणाले, ते आमच्या पॅकेजमध्ये नाही. तुमच्याकडे पॅकेज नव्हतं. लांब आखीव वही होती, फ्लॅटमागे एक पान, डावीकडे खाते क्रमांक, ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, उजवीकडे तारखा. दुसऱ्याचं पान कोणी उघडून बघायला लागलं की तुम्ही हाताने झाकायचात.

ती वही नव्या माणसाच्या हाती देण्याआधी प्रत्येकाला विचारलंत, "तुमचं पान देऊ का?" आम्ही जवळजवळ सगळ्यांनी हो म्हटलंय. एकाने अजून उत्तर दिलेलं नाही, आणि त्याचं पान तुम्ही स्टेपल करून ठेवलंय असं कळलं.

ऑफिसच्या खणात तुमच्या नावाने एक पाकीट ठेवायला सांगितलंय. ते न विचारता फोडा.

आपले,
बंद फ्लॅटवाले सगळे