पावलांच्या सौंदर्यासाठी शस्त्रक्रिया?

संपादक महोदय,

पावले सुबक दिसावीत म्हणून बोटे आखूड करणे किंवा अंगठ्याच्या मुळाशी वाढलेले हाड कापणे असे उपाय हल्ली सुचवले जातात. चालताना वेदना होत असतील तर शस्त्रक्रिया समजण्यासारखी आहे. परंतु केवळ दिसण्यासाठी ती करू नये, असे अमेरिकेतील पाय व घोट्याच्या अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेनेच म्हटले आहे, कारण सूज कित्येक महिने राहू शकते आणि मज्जातंतू दुखावल्यास बधिरपणा कायमचा मागे लागू शकतो. (चप्पल मोठ्या मापाची घेणे त्यापेक्षा स्वस्त!) भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. मधुमेहींच्या पायाची जखम लवकर भरत नाही. म्हणून रक्तशर्करा व पायांतील रक्ताभिसरण तपासल्याविना अशी शस्त्रक्रिया होऊ नये, याकडे आरोग्य संचालनालयाने लक्ष द्यावे.

— एक वाचक, फोंडा