मुरगावात वेषांतर दोघांनीही केले होते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील, दुसऱ्या महायुद्धात, ९ मार्च १९४३ च्या रात्री, कलकत्त्याच्या इंग्रज स्वयंसेवकांनी पोर्तुगीज गोव्यातल्या मुरगाव बंदरात आसरा घेतलेल्या जर्मन-इटालियन जहाजांवर केलेल्या हल्ल्यावरचा लेख वाचला. लेख रंगला आहे, पण 'कलकत्त्याच्या साहेबांनी चार जहाजे बुडवली' हे वाक्य खटकले. ते चढले एकट्या 'एरेनफेल्स' या जर्मन मालवाहू जहाजावर. तिच्या खलाशांनी झडपा उघडून ती बुडवली, आणि ज्वाळा पाहून बाकीची तीन जहाजे, जर्मन ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स व इटालियन आन्फोरा, त्यांच्याच माणसांनी पेटवून दिली. शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा ते बरे, असा हिशेब.

एरेनफेल्सचीच एवढी धास्ती का, हे मात्र लेखात आलेच नाही. ती ब्रेमेनच्या हान्झा कंपनीची. तिच्याच घडणीचे गोल्डनफेल्स जर्मन नौदलाने घेऊन त्याचे 'अटलांटिस' हे वेषांतर करून शिकार करणारे जहाज केले. वरून साधे मालवाहू जहाज, आत पडद्याआड १५० मिलिमीटरच्या सहा तोफा. खोटे धुराडे, उंची कमी-जास्त करता येणाऱ्या डोलकाठ्या, रंगाचे डबे सारे तयार. १९४० मध्ये ते 'काशी मारू' हे जपानी जहाज बनले, तेव्हा एक खलाशी बाईचा वेष करून डेकवर बाबागाडी ढकलत फिरत होता! अटलांटिसने २२ जहाजे बुडवली किंवा पकडली. दुसरे भावंड 'पिंग्विन'ही आपल्याच हिंदी महासागरात शिकार करत होते. आणि पहिल्या महायुद्धात मुंबईजवळ सुरुंग पेरणारे 'वोल्फ'? तेही हान्झाचेच. जून १९१७ मध्ये त्याच्या सुरुंगावर 'मंगोलिया' बुडाली. अशा घराण्यातले वेगवान जहाज मुरगावात नांगरलेले असताना बाहेरच्या इंग्रज पहाऱ्याला झोप कशी लागणार?

खोटा झेंडा लावणे सागरी युद्धात निषिद्ध नव्हते. तोफ डागण्याआधी खरा चढवावा, एवढीच अट. तरीही इंग्रज या जहाजांना चाचे म्हणत. मग मुरगावात त्यांनी काय केले? पोर्तुगाल तटस्थ, शिवाय जुना दोस्त; युद्धनौका आत घालता येईना. म्हणून गाळ वाहणारा 'फीबी' नावाचा बार्ज आणि त्यावर मध्यमवयीन, नागरी पेशातले हौशी स्वयंसेवक. इंत्रूजाची, म्हणजे कार्निव्हलची, शेवटची रात्र निवडली, खलाशी किनाऱ्यावर रमावेत म्हणून मेजवानीची सोय लावली. खरा झेंडा चढवल्याचे मी तरी कुठे वाचलेले नाही. एरेनफेल्सचा कप्तान या झटापटीत मारला गेला, तोही तटस्थ बंदरात. याला शौर्य म्हणायचे तर खुशाल म्हणा, पण चाचेगिरीचा शब्द एकाच बाजूला चिकटवू नका.

नाकेबंदीची तर गोव्याला जुनी ओळख. १६३६ पासून पुढे कैक वर्षे डच आरमार पावसाळा सरला की मांडवीच्या तोंडाशी येऊन ठाण मांडी. पावसात बाहेर खवळलेला दर्या, आत वाळूचा बांध. म्हणजे जहाजे सुटायची ती कोरड्या महिन्यांत, आणि तेव्हाच डच दारात. सप्टेंबर १६३९ मध्ये तर त्यांनी मुरगावात शिरून गलबते जाळली. शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळींत आटोपते.

मुरगावात एक मराठी-कोंकणी फलक तरी लागावा. त्यावर १६३९ आणि १९४३ दोन्ही असावेत, आणि चार जहाजांपैकी किती कोणी बुडवली तेही.

आपला,
एक वाचक, वास्को