झेरॉक्सच्या दुकानात आलेल्या सरांना

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

मी आणि माझे वडील, अण्णा, क्रोएशियाच्या समुद्रकिनाऱ्याचा प्रवास करून परत येऊन तीन आठवडे झाले. पेढे घेऊन तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही पुडा काकूंच्या हातात दिलात आणि मी आभाराचं काही बोलायच्या आत अण्णांना रस्त्याबद्दल विचारायला लागलात. निघताना एवढंच म्हणालात, "आभार राहू देत, उपयोगी पडलं ते लिहून काढ. कुणी ना कुणी त्या वाटेने जाणारं असतंच." म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. पत्र मात्र तुम्हालाच आहे.

जानेवारीत तुम्ही कुडाळला माझ्या दुकानात पेन्शनच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला आला होतात. काउंटरवर आमच्या प्रवासाचा छापलेला तक्ता पडला होता. सोळा दिवस आणि चौदा मुक्काम: व्हेनिस, ल्युब्लियाना, पुला, प्लिटवित्से, झादर, ट्रोगिर, स्प्लिट, ह्वार, मोस्तार, दुब्रोव्हनिक, कोटोर, शिवाय आणखी काही. अण्णा एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झाले. समुद्राकाठचा परदेशातला एखादा रस्ता बसने जाऊन बघायचा, ही त्यांची फार जुनी इच्छा. मी दोन वर्षं पैसे साठवत होते आणि एवढे पैसे घालतोच आहोत तर काही सुटायला नको, म्हणून तक्ता भरत गेले. तुम्ही तो पूर्ण वाचलात आणि विचारलंत, "यात तुझ्या वडिलांनी खिडकीबाहेर बघायचं कधी?"

ओळख ना पाळख. तरीही त्या रविवारी आम्हाला घरी बोलावलंत, आणि त्यानंतरचे दोन रविवारही दिलेत.

ती पहिली दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. जेवणाच्या टेबलावर तुमचा 1986 सालचा नकाशा, घड्यांवर विरलेला, चिकटपट्टीने जोडलेला. त्यावर एकच देश होता, युगोस्लाव्हिया. इटलीतल्या ट्रिएस्टच्या भौतिकशास्त्र केंद्रात चार महिने होतात तेव्हा सुट्टीत बसने खाली दुब्रोव्हनिकपर्यंत गेला होतात. काकूंनी वाटीत तुरीची डाळ आणून ठेवली. आमच्या प्रत्येक मुक्कामावर तुम्ही एकेक दाणा ठेवलात आणि मग एकेक उचलायला लागलात. प्लिटवित्से सुंदर आहे, पण डोंगरात आहे, तुम्हाला किनारा बघायचाय ना? उचललं. ल्युब्लियाना उचललं. ह्वार बेट उचललं, कारण बोटीच्या वेळा सांभाळताना दोन दिवस हातचे जातात. मला रडू येईल असं वाटत होतं. शेवटी सहा दाणे उरले: ट्रिएस्ट, झादर, शिबेनिक, स्प्लिट, दुब्रोव्हनिक, कोटोर. ट्रिएस्ट ते दुब्रोव्हनिक सुमारे सातशे किलोमीटर. "एवढ्याला सोळा दिवस पुरतात," म्हणालात. खरंच पुरले.

रेल्वेचा नाद तुम्ही पहिल्याच दिवशी सोडायला लावलात. त्या किनाऱ्याला समांतर रेल्वे नाहीच. डोंगर थेट समुद्रात उतरतो, रेल्वे पलीकडून येऊन एखाद्या बंदराला टेकते आणि तिथेच संपते. दुब्रोव्हनिकची छोटी गाडी तर 1976 सालीच बंद झाली. मग उरतो तो यादरान्स्का मॅजिस्ट्राला, म्हणजे एड्रियाटिकचा किनारी महामार्ग. पन्नास-साठच्या दशकांत बांधलेला, समुद्र आणि कडा यांच्या मधून गेलेला. तुम्ही सांगितलंत की तिकडे वाहनं उजवीकडून चालतात आणि दक्षिणेला जाताना समुद्रही उजवीकडे असतो. म्हणून जायचं ते उत्तरेकडून दक्षिणेकडे, आणि बसायचं उजव्या खिडकीशी. इतकी साधी गोष्ट. पण मी उलट दिशेची तिकिटं काढणार होते, विमान शंभर युरोंनी स्वस्त पडत होतं म्हणून.

व्हिसाबाबत तर तुमचे उपकार मानावे तेवढे थोडे. ज्या एजंटकडे मी कागद दिले होते त्याने एकदाच प्रवेशाचा अर्ज भरला होता, आणि तोही इटलीकडे, कारण विमान व्हेनिसला उतरत होतं. तुम्ही शांतपणे दोन्ही चुका दाखवल्यात. अर्ज करायचा तो जिथे सगळ्यात जास्त रात्री त्या देशाकडे, आणि आमच्या जास्त रात्री क्रोएशियात होत्या. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, आणि त्याच दिवसापासून युरोमध्येही आहे, त्यामुळे ट्रिएस्टहून स्लोव्हेनियामार्गे जाताना पैसे बदलावे लागत नाहीत. पण कोटोर मॉन्टेनेग्रोत. तिथे युरो चालतो, शेंगेन व्हिसा दाखवला की आपल्याला आतही घेतात, मात्र तो देश शेंगेनमध्ये नाही. म्हणजे परतीच्या विमानासाठी पुन्हा क्रोएशियात शिरणं हा दुसरा प्रवेश. अनेक प्रवेशांचा व्हिसा नसता तर आम्ही दुब्रोव्हनिकजवळच्या चिलिपीच्या विमानतळापर्यंत पोहोचलोच नसतो. मी तर रात्री झोपेतून उठून हे आठवायचे. अर्ज नव्याने भरला, विमा किमान तीस हजार युरोंचा आहे ना हे तुम्ही स्वतः वाचून बघितलंत.

आणि वारा. झादरला मी दोन रात्री मागत होते, तुम्ही तीन लिहिल्यात. तिसरी कशाला विचारलं तर म्हणालात, "बुरासाठी." आम्हा कोकणातल्या माणसांना वारा म्हणजे समुद्रावरून येणारा. हा बुरा नावाचा वारा उलटा. डोंगरामागे थंड हवा साठते आणि खिंडींतून समुद्रावर कोसळते, हे तुम्ही ताटली तिरकी करून त्यातलं पाणी सांडवून दाखवलंत. ट्रिएस्टमध्ये पूर्वी हा वारा सुटला की लोकांना धरायला रस्त्यांच्या कडेने दोर बांधायचे, हेही तुम्हीच सांगितलंत. एप्रिलमध्ये कुठला येतोय, असं मी मनात म्हटलं होतं.

निघायच्या सकाळी आभाळ निळंभोर, एक ढग नाही, आणि ट्रिएस्टच्या बस स्थानकाबाहेर अण्णांची टोपी उडून रस्त्यापलीकडे गेली. वाटेतल्या सेन्य गावाच्या बाजूला मोठी वाहनं थांबवली होती, आमची पुढची बस रद्द. दुसरी कुठली सहल असती तर मी हवालदिल झाले असते. पण तुम्ही राखलेला दिवस हाताशी होता. खोली एक रात्र वाढवून घेतली, अण्णांना गरम सूप पाजलं आणि खिडकीतून उसळणारं पाणी बघत बसलो. दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि आम्ही निघालो. पुढचा एकही मुक्काम हलला नाही.

रिएका ते झादर या टप्प्यात अण्णा एक शब्द बोलले नाहीत. डावीकडे वेलेबिटचा उघडा दगडी डोंगर, उजवीकडे पाणी आणि पाग बेटाची पांढरी पाठ. ते खिडकीबाहेर कमी आणि ड्रायव्हरच्या हातांकडे जास्त बघत होते. वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. कार्लोबागला बस थांबली तेव्हा म्हणाले, "रस्तो बरो आसा, पण वळणां आपल्या आंबोलेचीच." सर, मुलगी म्हणून मला त्या वाक्यात सगळं मिळालं. डिकीतल्या बॅगांचे एक-दोन युरो वेगळे द्यावे लागतात म्हणून तुम्ही सुटी नाणी ठेवायला सांगितली होतीत. ती अण्णांनीच जपून ठेवली आणि प्रत्येक वेळी स्वतः ड्रायव्हरच्या हातात दिली.

शिबेनिकचा दाणा मी तुमच्याशी वाद घालून उचलायला निघाले होते, आठवतं? तुम्ही तो परत ठेवलात. तिथलं सेंट जेम्सचं कॅथेड्रल 1431 ते 1535 असं शंभर वर्षं बांधत होते, सगळं दगडाचं, छपराच्या शिळासुद्धा चुन्याशिवाय एकमेकींत खाचा घालून बसवलेल्या. बाहेरच्या भिंतीवर 71 माणसांची डोकी कोरली आहेत. त्यात राजेरजवाडे वाटावेत असे कमीच. कुणी म्हातारा, कुणी गालफुगा, कुणी कपाळाला आठ्या घातलेला. अण्णांनी ती एकेक करून मोजली आणि एका चेहऱ्यापाशी थांबून म्हणाले, हा आमच्या डेपोचा हेड मेकॅनिक. मला वाटतं संपूर्ण प्रवासात मी सगळ्यात जास्त आनंदात होते ती तेव्हा.

स्प्लिटबद्दल थोडंच लिहिते, तिथलं सगळ्यांना ठाऊक असतं. डायोक्लिशियन या रोमन बादशहाने इ.स. 305 च्या सुमारास बांधलेल्या राजवाड्यात आजही लोक राहतात, बोळांवरून दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात. सकाळी सातला जा असं तुम्ही म्हणाला होतात, त्याप्रमाणे गेलो आणि अंगण आम्हा दोघांनाच मिळालं.

स्प्लिटहून पुढच्या बसचं तिकीट काढताना "पुलावरून जाते ना?" हे विचारायला तुम्ही लावलंत. तुमच्या नकाशावर तो पूल नव्हताच. पेल्येशाचचा पूल जुलै 2022 मध्ये उघडला. त्याआधी नेऊमपाशी वीसेक किलोमीटरचा बोस्नियाचा किनारा ओलांडावा लागायचा. ती पट्टी तिथे कशी आली, हे तुम्ही सांगितलेलं मी वाटेत अण्णांना परत सांगितलं: दुब्रोव्हनिकच्या, म्हणजे तेव्हाच्या रागूसाच्या प्रजासत्ताकाला व्हेनिसची हद्द आपल्या अंगाला भिडायला नको होती, म्हणून 1699 च्या तहात मधली पट्टी त्यांनी तुर्कांकडे, म्हणजे तेव्हा बोस्निया ज्यांच्या ताब्यात होता त्यांच्याकडे, जाऊ दिली. तीनशे वर्षांपूर्वीची ती भीती आजच्या नकाशावर तशीच आहे.

आणि गवंडाळी. दुसऱ्या रविवारी तुम्ही म्हणालात, युरोपला जायच्या आधी एकदा गोव्याला जाऊन या. आम्ही जुन्या गोव्याच्या पलीकडे गवंडाळीला गेलो, सांव ब्रासचं ते लहानसं चर्च बघितलं. सोळाव्या शतकात रागूसाचे व्यापारी इथे येऊन राहिले आणि त्यांनी आपल्या गावच्या संताच्या नावाने ते उभारलं असं मानतात. दुब्रोव्हनिकच्या वेशीवर त्याच संताची, ब्लेझची, मूर्ती आहे, हातात अख्खं शहर धरलेली. अण्णांनी तिला हात जोडले. "गोव्यात भेटलो होतो," असं मराठीत म्हणाले. परक्या देशात ओळखीचं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

आता तुमचं एक काम. तुम्ही एकच मागितलं होतंत: दुब्रोव्हनिकच्या तटावर चढलीस की छपरं बघ. 1986 मध्ये तुम्ही बघितलेली छपरं युगोस्लाव्हिया फुटतानाच्या युद्धात, 1991-92 च्या वेढ्यात फुटली, आणि तुम्ही ते हजारो मैलांवरून वर्तमानपत्रात वाचलं होतंत. तट 1,940 मीटरचा आहे. आम्ही दार उघडताक्षणीच चढलो आणि मिन्चेता बुरुजावर अर्धा तास उभे राहिलो. नवी कौलं चटकदार नारिंगी, एकसारखी. जुनी फिकट, कुठे गुलाबीसर, कुठे शेवाळाने काळसर, आपल्या मंगलोरी कौलांचा चार पावसाळ्यांनंतर होतो तसा रंग. जुनी कमी आहेत, सर. पण आहेत. बंदराच्या अंगाला सलग पाच-सहा घरं आहेत, आणि एका छपरावर तर जुनी-नवी कौलं एका ओळीत आलटून पालटून बसवली आहेत. सगळ्यांचे फोटो काढले आहेत.

तुमचा नकाशा मी प्लास्टिकमध्ये घालून नेला आणि तसाच आणला आहे. अण्णांनी पेन्सिलीने त्यावर एकच भर घातली आहे: पेल्येशाचच्या पुलाची छोटी रेघ. तुम्हाला चालणार नसेल तर खोडता येईल. रविवारी चारच्या सुमारास दोघंही येतो, फोटो मोठे करून दुकानातच छापले आहेत, ते घेऊन.

तुमची,
झेरॉक्सच्या दुकानातली मुलगी
कुडाळ